खोडलेली एक ओळ

छापखान्याच्या प्लेट विभागात लिनक्सवर चालणारा एकच संगणक होता आणि दोन्ही पाळ्यांची माणसे त्यावर एकाच नावाने काम करीत. आज्ञा पाठ करण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. खुर्ची ओढायची आणि वरच्या बाणाची कळ दाबत राहायचे. आधी कोणीतरी टंकलेल्या आज्ञा टर्मिनलच्या खिडकीत एकेक करून उगवत, हवी ती दिसली की एंटर. ती खिडकीही कोणी कधी बंद करीत नसे.

सकाळपाळीच्या विभागप्रमुख बाईंनी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच खिडकीत स्वतःचे एक काम केले. रुग्णालयाचा अहवाल तयार असल्याचा निरोप आला होता आणि फोनवर तो काही केल्या उघडेना. त्यांनी रुग्णालयाचा पत्ता, कर्करोग विभागाचे नाव आणि आपला परवलीचा शब्द एकाच आज्ञेत टंकला. अहवाल पडद्यावर उमटला. गाठ साधी नव्हती. शस्त्रक्रिया लवकर करावी लागणार होती.

बाईंनी अहवाल पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला. मग त्यांना दुसऱ्या पाळीची आठवण झाली. त्या पाळीला त्यांचा धाकटा दीर येई. माणूस लाख, पण पोटात काही राहत नसे. अख्खा छापखाना त्याला आकाशवाणी म्हणे. बाईंना बढती मिळाली तेव्हा त्यांच्या नवऱ्याला ती बातमी आधी त्याच्याकडूनच कळली होती. बढतीचे हसण्यावारी नेता आले. ही गोष्ट मात्र नवऱ्याच्या समोर बसून, आपल्याच तोंडाने सांगायची, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले.

त्यांनी पडदा पुसण्याची आज्ञा दिली. पडदा कोरा झाला, पण बाणाची कळ दाबताच ती ओळ पुन्हा हजर. मग त्यांनी आज्ञांचा इतिहास ज्या फाइलमध्ये साठतो ती फाइलच काढून टाकली आणि खिडकी बंद केली. खात्री केल्यावाचून जागा सोडायची नाही, ही त्यांची जुनी सवय. नवी खिडकी उघडून कळ दाबत गेल्या, तर ती ओळ जागच्या जागी.

आता कारण उमगले. फाइल गेली होती, पण खिडकीच्या स्मरणात सगळे शाबूत होते आणि बंद होता होता तिने ते नव्या फाइलमध्ये उतरवून ठेवले होते. एका अर्थी बरेच झाले; नाहीतर दुसरी पाळी हातावर हात धरून बसली असती.

सगळे पुसण्याचा विचार बाईंनी सोडला. इतिहासाची यादी समोर घेतली, आपल्या ओळीचा क्रमांक पाहिला आणि तेवढीच ओळ खोडली. उरलेला इतिहास फाइलमध्ये लिहायला लावला, खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. ती ओळ आता कुठेही नव्हती. काहीतरी खोडल्याची खूण मात्र उरली होती, कारण खोडण्याची आज्ञाही इतिहासात नोंदली गेली होती. तीही घालवता आली असती. बाईंनी ती राहू दिली.

पाळी बदलली. दिराने खुर्चीत बसता बसता कळ दाबली.

"वहिनी, ही कसली साफसफाई? काय खोडलंत?"

"एक ओळ."

"कुणाची?"

"माझी."

"म्हणजे आम्ही परके झालो. बघून घ्या हं, दादालाच विचारतो."

"विचारा ना, पण उद्या. आज त्यांच्याशी मी बोलणार आहे. तोवर तुमचं केंद्र बंद ठेवायचं, भाऊजी."

तो हसायला गेला, पण बाई हसत नव्हत्या. त्याने कळीवरचे बोट काढले.

"काही गंभीर आहे का?"

"उद्या," बाई म्हणाल्या. "मुखपृष्ठाच्या प्लेटा आधी घ्या, त्या खोळंबल्यात."

"ठेवलं बंद," तो हळू आवाजात म्हणाला.

फाटकाबाहेर येताच त्यांनी आधी रुग्णालयाचा परवलीचा शब्द बदलून घेतला आणि मग नवऱ्याला फोन लावला.

"आज कुठे रेंगाळू नका. सरळ घरी या."

"का? काय झालं?"

"सांगते. समोर बसून सांगते," त्या म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.