तात्पुरतं

"हा 'त' आहे की मासे धरायचा गळ?" बाबा खाटेवरून कुरकुरले. "पेंटरची पोर, आणि अक्षर बघा! कोंबडी चालून गेल्यासारखं."

"बाबा, विद्यापीठात टक्क्यांवर घेतात, अक्षरावर नाही."

"म्हणून तर फॉर्म परत आला."

फॉर्म अक्षरामुळे परत आला नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. गणवेशाच्या कारखान्यात शर्टांची काजं करणारी आई आज रजा टाकून लेकीबरोबर विद्यापीठाच्या इथल्या मदत-कक्षाच्या खिडकीशी जाऊन आली होती. टक्के भरपूर होते, जागाही मिळाली होती. पण फी आणि वसतिगृह माफ झालं तरच ती जागा लेकीची. नाहीतर कारखान्यात आईच्या शेजारचं यंत्र रिकामं होतंच.

कारकुनाने एकाच शब्दाभोवती लाल गोल काढला होता. 'पालकाचा आजार : तात्पुरता.'

"ताई, तात्पुरत्याला मदत नसते. आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर तर वेगळंच लिहिलंय. वाचलाय ना?"

"वाचलाय की," आई म्हणाली. चार वर्षांत तिने तो एकदाच उघडला होता आणि निम्म्यातच परत घडी घातली होती.

"मग तसंच लिहून आणा. आज पाचच्या आत."

तो शब्द मुळात आईचाच. बाबांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा दवाखान्यात तिनेच म्हटलं होतं, "तात्पुरतं आहे हो." मग तो शब्द घरात बिऱ्हाड करूनच राहिला. खाट पुढच्या खोलीत, तात्पुरती. आईची नोकरी तात्पुरती. लेक बाबांची दाढी करायची, शर्टाची बटणं लावून द्यायची, तेही तात्पुरतंच. आणि दर रविवारी आई त्यांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, टोकं चिमटीत वळवून डब्यात उभे करायची. कडक झाले तर उद्या हातात घेताना पंचाईत नको. गावातल्या निम्म्या पाट्या त्याच ब्रशांनी लिहिलेल्या. त्या आता उन्हाने विटत चालल्या होत्या.

लेकीने कोऱ्या फॉर्मचे सगळे रकाने भरले. त्या एका रकान्यापाशी पेन अडलं. तिने आईकडे पाहिलं, आईने घड्याळाकडे. साडेतीन.

"चहा टाकते," आई म्हणाली.

"आत्ताच झाला की," बाबा म्हणाले.

"मी म्हणते, डॉक्टर काय, काहीही लिहितात. 'लांबलेला' लिहिलं तर नाही का चालणार?"

"दोनच शब्द चालतात, आई."

बाबांनी डावा हात पुढे केला. आईला वाटलं, पाणी हवंय. त्यांना फॉर्म हवा होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि रिकामी ओळ अंगठ्याने मापली, पूर्वी पाटी मापायचे तशी.

"जागा पुरेल. चारच अक्षरं आहेत. पहिल्यापासून गर्दी करू नकोस."

"कसली चार अक्षरं?" आईचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

बाबांनी डब्यातल्या ब्रशांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चांगले सांभाळलेस गं. आता देऊन टाक कुणाला तरी." मग लेकीकडे वळले. "लिही, चिमणे. कायमचा. आणि 'का'चा काना सरळ काढ."