चार बोटं बाहेर

गोल झाला आणि ताहिरने लाल दिवा लावला. बहरैनच्या मनामा शहरातल्या बर्फाच्या मैदानावर हॉकीचे प्ले-ऑफ सामने असले की जाळीमागे काचेआड बसून दिवा लावायचं हे त्याचं जास्तीचं काम. एरवी तो तिथला बर्फ राखायचा. तीनपैकी दुसरा डाव संपायला चार सेकंद उरले होते आणि रिफायनरीवाल्यांनी बँकवाल्यांशी बरोबरी साधली होती.

तेवढ्यात रेफरीने हात आडवे हलवून गोल रद्द केला. गोलपुढच्या निळ्या अर्धगोलात चेंडूऐवजी असते त्या चकतीच्या आधी चढाई करणाऱ्याचा पाय पडला तर गोल नाही, असा नियम. नियम ताहिरला चांगला ठाऊक होता. ती निळी रेघ त्यानेच गुडघ्यांवर बसून रंगवली होती आणि तिच्यावर बर्फ चढवला होता. पाय चार बोटं बाहेर होता. लांबून बघणाऱ्या या गोऱ्याला तो आत दिसला कसा? त्यात तो नोकरीला त्याच बँकेत. ताहिरच्या डोक्यात तिडीक गेली.

डाव संपताच तो बर्फावर धावला. स्केटच्या पात्याने पडलेली ताजी चरी रेघेबाहेर स्वच्छ दिसत होती. त्याने रेफरीला हाका मारल्या, पण रेफरी मागे वळलाही नाही. आला तो सुपरवायझर नजीब, महाडचा.

"नजीबभाई, पाय भायेर होता. खूण हाय. त्याला एकदा बघाय सांगा."

"तू बर्फवाला, ताहिर. बर्फ बघ. यल्ला, चल."

अकरा वर्षं इथे घासली आणि शेवटी बर्फवालाच. बरं, बर्फवाला तर बर्फवाला. तो बर्फ तासायच्या यंत्रावर चढला, पातं नेहमीपेक्षा खाली घेतलं आणि दात-ओठ खात गोलपुढची जागा दोनदा तासून काढली. बर्फ इतका गुळगुळीत कधीच झाला नव्हता. खरवड त्याने रोजच्यासारखी मागच्या दाराबाहेर ओतली.

रिफायनरीवाले एका गोलने हरले. त्यांच्या कप्तानाने तक्रार केली, दिवा लावणाऱ्याने खूण पाहिल्याचं सांगितलं. ताहिरला वाटलं, असल्या तक्रारीला कोण विचारतो. पण लीगचे तिघेजण खरोखरच बर्फावर उतरले. त्यांच्यातले म्हातारे महमूद, बहरैनचेच, त्याच्याशी हिंदीत बोलले.

"निशान दिखाओ. बाहर होगा तो गोल दूँगा."

रेफरीनेही होकाराची मान हलवली. ताहिरला नजीबचा गळा धरावासा वाटला. पण नजीब फक्त बर्फ बघ म्हणाला होता. पातं खाली घेणारा हात त्याचा स्वतःचा होता, आणि त्या हाताचा त्याला आता जास्त राग आला.

तो त्यांना मागच्या दाराशी घेऊन गेला. बाहेर शुक्रवारची दुपार रणरणत होती. खरवडीचा ढीग बसून टोपलीएवढा उरला होता आणि पाणी गटाराकडे चाललं होतं.

"इसमें है," ताहिर म्हणाला.