तीर्थाला आलेला फेस

रविवारी सकाळी नऊ वाजता अक्कलकोट रस्त्यावरच्या उदयसिंहांच्या लॉनवर दोनशे माणसं जमली होती, आणि लग्न कुणाचंच नव्हतं. खुर्च्यांना पांढरी कापडं घातलेली होती, स्टेजवर सोफा होता, आणि सोफ्यावर नवरा-नवरीच्या जागी एकटेच हरितानंद महाराज बसले होते. आमच्या कॉलनीची भिंत त्या लॉनला लागून आहे. तिथल्या डीजेनं वर्षभर आमच्या खिडक्या हलतात, तेव्हा फुकटच्या कार्यक्रमाला जायचा माझा हक्क होताच.

महिन्याभरापासून त्या हिरव्यागार लॉनवर पिवळे चट्टे पडायला लागले होते. आधी ताटाएवढे, मग परातीएवढे. सगळे गोल, आणि सगळे दिव्याच्या खांबांभोवती नाहीतर स्टेजसमोर. दहा दिवसांवर एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न आलेलं. उदयसिंहांची झोप उडाली आणि त्यांनी महाराजांची गाडी बोलावली.

महाराज आधुनिक होते. माईक हातात घेऊन म्हणाले, "केमिकल नको, फवारणी नको. आमचं सगळं ऑरगॅनिक! शंभर टक्के सेंद्रिय मंत्र, साइड इफेक्ट शून्य!"

टाळ्या पडल्या. मंत्रही सेंद्रिय असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मग महाराज खाली उतरले. तांब्याच्या घागरीतलं तीर्थ एका चट्ट्यावर ओतलं, डोळे मिटले आणि पाच मिनिटं पुटपुटले. डोळे उघडले तेव्हा गवताच्या मुळाशी हालचाल सुरू झाली होती. एक अळी वर आली, मग दहा, मग मोजता येईनात इतक्या. मातकट हिरव्या, तडफडणाऱ्या. बायका किंचाळल्या. मंडपवाला शंकरप्पा गालांवर चापट्या मारत म्हणाला, "अय्यो देवरे!"

"करणी बाहेर पडली," महाराज म्हणाले. "आणि जिनं केली ती इथंच उभी आहे."

शंकरप्पानं एक पुरचुंडी पुढं आणली. लॉनच्या नळामागं बादलीत भिजत घातलेली होती म्हणे. जुन्या लुगड्याची चिंधी, आत ठेचलेलं काहीतरी हिरवट, वास उग्र. ती पुरचुंडी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. सारजाबाईंची. मैंदर्गीहून नवऱ्यामागं शहरात आलेली ही विधवा बाई अकरा वर्षं हे लॉन राखत होती. पाणी देणं, गवत कापणं, लग्नानंतर खरकटं वेचणं, सगळं तीच करायची.

"महाराज, निंबोळ्या हायत त्या," सारजाबाई म्हणाल्या. "ठेचून रातभर भिजवायच्या आन् गाळून मारायच्या. अळीला लई चांगलं असतंय. मालकास्नी मी सांगितलं हुतं की! रात रातभर ह्ये मोठं दिवं लावत्यात, त्या उजेडाला पतंग-पाकोळ्या येत्यात आन् गवतात अंडी घालत्यात. आदी साळुंक्या येऊन अळ्या टिपायच्या. त्यांस्नी फटाकं उडवून हाकललं."

हे खरं होतं. साळुंक्या खुर्च्यांची पांढरी कापडं घाण करायच्या, म्हणून उदयसिंहांनीच फटाके आणले होते. ते आता स्टेजच्या पायऱ्या मोजत उभे होते.

"ऐकलंत?" महाराज माईकवर गरजले. "करणी कुठून येते, कशी येते, सगळा पत्ता हिला ठाऊक! अजून काय पुरावा पाहिजे? हिनं प्रत्येक चट्ट्यावर नाक घासावं. नाहीतर इथं लागलेलं एकही लग्न टिकणार नाही."

सारजाबाईंनी आमच्याकडं पाहिलं. दर आठवड्याला भिंतीवरून कढीपत्ता देणारी ही बाई. मी माझ्या चपलेकडं पाहिलं. उदयसिंह हलक्या आवाजात म्हणाले, "घासा की एकदाचं. नाहीतर उद्यापास्नं येऊ नका."

त्या गुडघ्यांवर बसल्या. पहिल्या चट्ट्यावर नाक घासलं, दुसऱ्यावर घासलं. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं.

तिसऱ्या चट्ट्याशी बुद्धप्रिया येऊन पोचली. ती आमच्याच कॉलनीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. तिला माझ्या बायकोनं फोन करून बोलावलं होतं. मला ते सुचलं नव्हतं.

तिनं आधी सारजाबाईंना दंडाला धरून उठवलं. मग कुणी अडवायच्या आत घागरीत हात बुडवला आणि तळवे एकमेकांवर चोळले. पांढराशुभ्र फेस आला.

"महाराज, तीर्थाला फेस कसा आला? हे तर रिठ्याचं पाणी आहे."

"मुली, दूर हो! ही गंगा आहे!"

"मग गंगा राहू द्या. नळाचं पाणी घेऊ." तिनं दोन बादल्या भरून आणायला लावल्या. "या बादलीवर तुम्ही हवे तेवढे मंत्र म्हणा. या दुसरीत मी मंत्र नाही, भांड्याचं लिक्विड घालते. दोन चमचे."

माणसं बघायला लागली म्हटल्यावर महाराजांना पुटपुटावंच लागलं. एकाच चट्ट्याच्या दोन बाजूंना दोन बादल्या ओतल्या. मंत्राच्या बाजूला काहीच झालं नाही. साबणाच्या बाजूला पाच मिनिटांत अळ्या वर आल्या.

"साबण लागला की अळीचं अंग चुरचुरतं, म्हणून ती वर पळते," बुद्धप्रिया म्हणाली. "रिठ्यानंही तेच होतं. गवतात अळी आहे का हे बघायची ही साधी पद्धत आहे. यानं रोग कळतो, बरा होत नाही. बरा होण्यासाठी रात्रीचे दिवे वेळेत बंद करा, गवत मुळापर्यंत भादरू नका, साळुंक्या येऊ द्या आणि संध्याकाळी निंबोळीचा अर्क मारा. म्हणजे सारजाबाई सांगत होत्या तेच करा."

"साबणातही ईश्वराचाच अंश आहे," महाराज म्हणाले.

"असेल. पण बाईला करणीवाली ठरवणं या राज्यात गुन्हा आहे. तो अंश पोलिसांना समजावून सांगाल का?"

महाराजांना एकदम दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. घागर तिथंच राहिली. माणसंही पांगली, "आपल्याला तर आधीच शंका हुती" असं एकमेकांना सांगत. शूटिंग करणाऱ्यानं मोबाइल खिशात टाकला. बादल्यांचं त्यानं काही घेतलं नव्हतं, नाक घासतानाचं मात्र घेतलं होतं.

उदयसिंह सारजाबाईंच्या जवळ येऊन पुटपुटले, "झालं ते झालं. उद्यापास्नं या. ती निंबोळी मारून टाका."

"मालक," त्या म्हणाल्या, "नाक घासाय लावलं तवा माईक चालू हुता की. आता का कानात बोलतायसा?"

सारजाबाईंनी आपली पुरचुंडी उचलली. बादलीच्या तळाशी थोडं साबणाचं पाणी उरलं होतं. त्यात हात बुडवून त्यांनी नाकाची माती धुतली, पुन्हा धुतली, आणि फाटकाबाहेर गेल्या. त्या परत कामाला आल्या नाहीत.

त्या रविवारी कळलं ते कळायला पदवी लागत नाही. पुढच्या वेळी कुणी बोट दाखवून "हिनं करणी केली" म्हणालं, तर आधी एक बादली भरा आणि स्वतः करून बघा. आमच्याकडं नळ होता, बादली होती, साबण होता, आणि दोनशे माणसं होती. तरी तिसऱ्या चट्ट्यापर्यंत आमच्यातलं कुणी खुर्चीवरून उठलं नाही.