पाणी केंद्रातल्या संगणकाचा संताप

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू बहुधा हळव्या होऊन बोलतात. मी मात्र चिडून बोलणार आहे.

पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात मी अकरा वर्षे राबलो. पाण्यात क्लोरीन किती सोडायचे, हे मी पंपाला सांगत असे. सारे शहर माझ्या भरवशावर पाणी पीत होते. कौतुक मात्र फाटकाजवळच्या कारंज्याचे! माझ्यासमोर ऑपरेटरबाई बसत. सगळे त्यांना ताई म्हणत. माझी धूळ पुसणाऱ्या त्या एकट्याच.

पुढे केंद्राच्या मोठ्या साहेबांना घरबसल्या माझे आकडे पाहण्याची हौस आली. त्यांनी मला इंटरनेटला जोडले आणि पासवर्ड ठेवला एक-दोन-तीन-चार.

ताई म्हणाल्या, "साहेब, हे म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाण्यासारखं झालं. निदान पासवर्ड तरी बदला."

"वरून तसा नियम आलाय का?"

"नाही आला."

"मग कशाला नसती उठाठेव?"

ताईंनी तीन अर्ज केले. वरच्या कचेरीने कळवले, प्रत्येक केंद्राने आपापले पाहावे. साहेब म्हणाले, वरच्यांनी पाहावे. दोघांच्या टोलवाटोलवीत मी उघडाच राहिलो!

एका दुपारी माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. दूरवरून कुणीतरी माझ्यात घुसले होते. त्याने क्लोरीनचा आकडा दोनवरून दोनशेवर नेला; एवढे क्लोरीन म्हणजे विषच. मी हुकमाचा ताबेदार, पंपाला तेच सांगितले. त्याची चीड मला अजून येते. पडद्यावरचा आकडा दिसताच ताई जेवता जेवता उठल्या, धावत जिना उतरल्या आणि दोन्ही हातांनी क्लोरीनचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला. त्यांचे तळहात सोलून निघाले. शहर वाचले.

चौकशीत साहेबांनी बोट दाखवले ते ताईंकडेच. "तेव्हा ड्यूटीवर ह्याच होत्या."

ताई ताडकन उठल्या. "होते, म्हणूनच व्हॉल्व्ह बंद झाला! माझी लेक हेच पाणी पिते, साहेब. हे माझे तीन अर्ज. वाचा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू दे."

साहेबांना ते वाचावे लागले. त्यांची खुर्ची गेली. वर्षभरात सरकारने सगळ्या केंद्रांसाठी संगणक सुरक्षित ठेवण्याचा एकच सक्तीचा कायदा केला.

पण पहिला तपासनीस आला तो खालीच बसून कागदावर 'सगळे ठीक' अशा भराभर खुणा करू लागला. ताईंनी कागद ओढून घेतला. "खुणा मागाहून करा. आधी वर चला, यंत्र बघा." तो वर आला. इंटरनेटची तार अजून मला जोडलेलीच होती! त्याची मान खाली गेली. त्याने ती स्वतःच्या हाताने उपटली.

मित्रांनो, सरकारने असे नियम करावेत का, यावर मोठी माणसे अजून वाद घालतात. माझ्या खोलीत एकदा येऊन बसा म्हणावे! नियम करा आणि तो पाळला जातो का, हे जागेवर जाऊन पाहा. दुसऱ्यांच्या लेकरांचे पाणी जपायला कायदा लागावा, ही लाजेची गोष्ट आहे. पण जिथे लाज नाही, तिथे कायदा हवाच.