चहा गार झालाय, बाबा

मालिकेतल्या सुनेने सासऱ्याच्या चहात विष कालवायचं, हे वाहिनीने ठरवूनच टाकलं होतं. फक्त त्याआधी तिचं मन कचरलं पाहिजे, आणि ते शब्द लेखकाने शोधायचे होते. त्याने लिहिलं, 'देवा, माझे हात थरथरताहेत.' दिग्दर्शकाने पान परत धाडलं. "हात थरथरले तर चहा सांडेल. विष काय फरशीला पाजायचं?"

दुपारभर डोकं खाजवून लेखक स्वयंपाकघरात गेला. बायको लसूण सोलत होती.

"तुला माझ्या बाबांना विष घालायचं असतं, तर आयत्या वेळी काय म्हणाली असतीस?"

"आज घालायचंय की सहज विचारतोयस?"

"मालिकेसाठी गं."

"मग हळू बोल. नको तेवढं त्यांना बरोबर ऐकू येतं."

बाहेर म्हातारा टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी तावातावाने भांडत होता.

बायकोने प्रश्न मनावर घेतला. सासऱ्याचे आजवरचे सगळे टोमणे आठवून पाहिले आणि विष घालायला काही हरकत दिसत नाही, असं सांगितलं. मग तिचा हात थांबला.

"एक अडचण आहे. चहा दिला की ते आधी बशीत ओततात आणि बशी माझ्याकडे सरकवतात. म्हणतात, तू घे आधी, सकाळपासून उभी आहेस. एवढा खडूस माणूस, पण हे चुकत नाही. मग मी काय बोलणार? म्हणेन, चहा गार झालाय बाबा, दुसरा करून आणते."

"आणि मग?"

"दुसऱ्यातही विष घालीन. तोही गार होईल."

त्याच घरात राहून लेखकाने ती बशी कधी पाहिली नव्हती.

त्याने तसंच लिहून दिलं. चित्रीकरणात नटी ते एकच वाक्य म्हणत कपामागून कप मोरीत ओतत राहिली, आणि शेवटी तिचा आवाज फुटला. सेटवर कुणी खोकलंसुद्धा नाही. सासरा काही मरेना, म्हणून वाहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाचा मात्र लगेच फोन आला. "मी दुसरीकडे काम शोधायला निघालो होतो. उपकार झाले. पण तुम्हाला हे सुचलं कसं?"

"निरीक्षण," लेखक म्हणाला.

आत बायकोने पातेलं आदळलं.