रणगाडा काही केल्या मळेना

गॅरेजला कुलूप लावून मामा घरी बसले, असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं. कुलूप लावलं, बसले मात्र नाहीत. बसलेले मामा आजवर कोणी पाहिलेलेच नाहीत. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी रंगवलेल्या दारात बघून समोरचा न्हावी स्वतःची दाढी करायचा. एक कावळा त्यांच्या काळ्या बॉनेटवर स्वतःशीच भांडला आणि हरून गेला. एक गिऱ्हाईक तर गाडी न्यायला आलं आणि गाडी चोरीला गेली म्हणून चौकीकडे धावलं. गाडी समोरच उभी होती. पण तिच्यात आभाळ आणि पलीकडची भिंत इतकी स्वच्छ दिसत होती की गाडी कुठे सुरू होते तेच त्याला कळेना. मी मामांचा भिंतीला भिंत शेजारी. हे सगळं मला खुद्द मामांनीच सांगितलंय, तेव्हा शंकेला जागाच नाही.

तर असे ते हात रिकामे झाले. आधी घरातल्या सगळ्या पातेल्यांचे पोचे निघाले. मग फ्रिजचं दार दोनदा रंगलं. टेबलाचा कोपरा कोणाला तरी लागेल म्हणून मामांनी घासायला घेतला आणि घासता घासता अख्खं टेबल गोल झालं. मामी भाजी चिरायला बसल्या की हे मागून येत आणि वांग्यावरून बोट फिरवत.

"इथे जरा दबलंय."

"अहो, वांगं आहे ते! सोडा!"

मामींच्या नाकी नऊ आले. त्यांच्या धाकट्या भावाचं टाइल्सचं दुकान होतं. त्याने तोडगा काढला. "भाऊजी, माझ्या काउंटरवर या. काही म्हणता काही करायचं नाही. मस्त उंच स्टूल आहे, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत नुसतं बसायचं."

'नुसतं बसायचं' ऐकून मामांना दरदरून घाम फुटला. जन्मठेप ऐकणारा माणूस निदान कठड्याला तरी धरतो. मामांनी मेहुण्यालाच धरलं आणि त्याच्या शर्टाच्या बटणावरचा डाग पुसू लागले.

त्याच सुमारास जावयाने एक खोकं पाठवलं. आत रणगाडा. प्लास्टिकचा, सुट्या भागांचा, जोडून रंगवायचा; पुरा झाल्यावर पायातल्या चपलेएवढा. मामांनी खोकं उघडलं आणि त्या दिवशी वांग्यांकडे फिरकलेच नाहीत. मामींनी ते बरोबर टिपलं.

"वाचनालयाच्या सभागृहात अशा खेळण्यांचं प्रदर्शन भरणार आहे," त्या म्हणाल्या. "तिथे बक्षीस मिळालं तर खिडकीजवळचं टेबल कायमचं तुमचं. नाही मिळालं, तर सोमवारपासून माझ्या भावाचं स्टूल. मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

"कुठलंही बक्षीस चालेल?"

"उत्तेजनार्थ चालेल. तुमच्याकडून मी कधीच फार अपेक्षा ठेवल्या नाहीत."

मामा कामाला लागले. रणगाडा जोडला. मग त्याला लालसर तपकिरी प्रायमर मारला, पत्र्याला गंजू नये म्हणून मारतात तोच. मी म्हटलं, "मामा, प्लास्टिक कुठे गंजतं?" म्हणाले, "ते त्याला माहीत असेल. माझ्या हाताला नाही माहीत." त्यावर हिरव्या रंगाचे हात, प्रत्येक हातानंतर पाण्यातला पॉलिश पेपर, आणि शेवटी चमक. रणगाडा असा झळाळला की मामी त्याच्यात बघून केस विंचरू लागल्या.

या प्रदर्शनाचा परीक्षक म्हणजे कोपऱ्यावरचा दाताचा डॉक्टर. अशा छोट्या रणगाड्यांचं त्याला भारी वेड. तो सहज बघायला आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

"मामा, हा रणगाडा आहे की वरातीची गाडी?"

"का? कुठे रेघ दिसतेय?"

"रेघ नाही हेच तर दुखणं आहे! हा चिखलातून गेला पाहिजे, उन्हात भाजला पाहिजे. कडांचे टवके उडालेले हवेत, झाकणाजवळ रंग झिजलेला हवा. असा नवाकोरा आणलात तर मी टेबलावरही मांडू देणार नाही."

आणि त्याने करून दाखवलं. स्पंजचा तुकडा गडद रंगात बुडवला, कागदावर टिपला आणि रणगाड्याच्या कडेला हलकेच टेकवला. खरोखरच टवका उडाल्यासारखा डाग उमटला. मामांनी छातीला हात लावला. डॉक्टर दारापर्यंत पोचला नव्हता, तोवर डाग गायब झाला होता.

तिथून जिवाला घोर लागला. सकाळी मामा दात-ओठ खाऊन एक ओरखडा काढत. चहा येईपर्यंत तो ओरखडा भरलेला, घासलेला, चकचकीत. "मी नाही केलं," ते म्हणत, "याने केलं," आणि उजव्या हाताकडे बोट दाखवत. उजवा हात खुर्चीला बांधून डाव्याने ओरखडा काढून पाहिला. डावाही त्याच गॅरेजमध्ये वाढलेला. मातीची पूड उडवली तर फुंकर आपोआप बसायची. एकदा मलाच म्हणाले, "तुम्ही ओरखडा काढा, मी डोळे मिटतो." मी काढला. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी बोट फिरवलं, जागा शोधली आणि माझ्यादेखत बुजवली.

शेवटी मामींनी पॉलिश पेपर, खड्डे बुजवायची लांबी, रंगाचे डबे, सगळं कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवली. "आता बघू काय घासता!"

मग तर मामा पिसाळलेच. रणगाडा हातात घेऊन घरभर फेऱ्या. फोनवर बोलताना रणगाडा हातात. बातम्या बघताना हातात. जेवताना डाव्या हातात, आणि अंगठा आपला झाकणावरून, कडांवरून, तोफेच्या नळीवरून फिरतोय. चष्मा घालायचे नाहीत. म्हणत, डोळे फसवतात, बोट फसवत नाही. बोटाला गुळगुळीत लागलं की बरं वाटायचं, आणि लगेच दुसरीकडे खरखर असेल म्हणून जीव टांगणीला. खिडकीच्या कट्ट्यावर रणगाडा पुढे-मागे ढकलत मेहुण्याची वाट बघत, कारण मेहुणा रोज येऊन स्टुलाची खबर देई.

"भाऊजी, गादी बसवलीय स्टुलाला."

"भाऊजी, पंखा बरोबर डोक्यावर येतोय."

मामी नुसत्या बघायच्या आणि गालात हसायच्या. मला वाटलं, बाई भावाच्या बाजूची आहे.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मामांनी रणगाडा रुमालात गुंडाळला आणि फासावर निघाल्यासारखे निघाले. मागोमाग मामी, मी आणि मेहुणा, त्याच्या हातात चक्क स्टूल. म्हणाला, "इथेच बसवून माप बघू."

सभागृहात एकाहून एक रणगाडे. एकावर असा गंज होता की बघायला आलेल्या बायका पोरांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला परस्पर घेऊन गेल्या. दुसऱ्याच्या चिखलात एक मूठभर गवत उगवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. या सगळ्यांत मामांनी आपला रणगाडा ठेवला, आणि दोन्ही हात खिशात कोंबले.

डॉक्टर आला. रणगाडा उचलून दिव्याखाली धरला. दाढ तपासावी तसा एक डोळा मिटून कडेकडेने बघत गेला.

"मामा, हे कसं केलंत?"

"काय कसं केलं?"

"झाकणाच्या कडेला हिरवा झिजून खालचा तांबूस रंग वर आलाय, अगदी जिथे शिपायाचा हात पडेल तिथेच. नळीच्या मुळाशीही तसंच. मागे बोटांच्या तेलकटावर धूळ धरलीय. खालचे पट्टे नेमके जमिनीला टेकतात तेवढेच घासलेत. स्पंजने हे होत नाही. हा वापरलेला रणगाडा आहे!"

मामांनी झटकन चष्मा लावला. रणगाडा पाहिला. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे देवा! रंग गेलाय! इथेही... इथेही! डॉक्टर, आणा इकडे. दोन मिनिटं द्या. नवाकोरा करून देतो!"

आणि खिशातून काय काढलं? पॉलिश पेपरचा तुकडा. कपाटाला कुलूप घालून काही उपयोग नव्हता. खिशाची आतली घडी कोण तपासणार?

डॉक्टरचं पेन अजून कागदावर टेकलं नव्हतं. मेहुण्याने स्टूल जमिनीवर ठेवलं. मामांचा हात रणगाड्यापासून वीतभर असताना मामी मध्ये शिरल्या आणि सगळ्या सभागृहासमोर त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"सोड गं! बक्षीस जाईल!"

"घासलंत तर जाईल. मला पहिल्या आठवड्यापासून दिसत होतं. सांगितलं असतं तर नीट केलं असतंत ना?"

मामा चुळबुळले. हात सुटेनात. मग सवयीने अंगठा फिरू लागला, मामींच्या हातावरून, बोटांच्या पेरांवरून, आणि मनगटाजवळच्या भाजल्याच्या जुन्या डागाशी अडला. पुन्हा गेला, पुन्हा अडला.

"तिथे काही करायचं नाही," मामी म्हणाल्या. "ते तसंच राहणार."

"इथे कधी भाजलं?"

"तुम्ही गॅरेजात होता तेव्हा."

अंगठा तिथेच थांबला. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं, फिरवून मामांना दाखवलं. तिसरं बक्षीस.

मेहुण्याचा चेहरा पडला. स्टूल परत कोण नेणार, म्हणून ते मामांच्याच घरी आलं. खिडकीजवळच्या टेबलाशी ठेवलं. मामांनी त्याची गादी उपटली आणि त्यावर रंगाचे इतके हात मारले, इतकं घासलं, की त्यावर आजपर्यंत कोणाला बसता आलेलं नाही. पहिला प्रयत्न मेहुण्याने केला. तो घसरला तो थेट दारापर्यंत गेला, आणि वाटेत त्याने लादीचा एक कोपरा उडवला.

मामांनी लगेच त्या कोपऱ्याशी गुडघे टेकले. "राहू द्या तो," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांनी राहू दिला. फक्त येता-जाता पायाचा अंगठा त्यावरून फिरवतात, एवढंच.