गोल टेबलाभोवतीची आठ माणसं

नातीचा निकाल लागला आणि आमच्या घरात जो तो सल्लागार झाला. व्यवस्थापनाच्या मोठ्या कॉलेजची प्रवेश परीक्षा. मुलाखतीचं बोलावणं थोडक्यात हुकलं. पुढच्या परीक्षेची नोंदणी आज संध्याकाळी बंद होणार होती आणि पोरगी सकाळपासून शिलाईच्या टेबलावर हनुवटी टेकून बसलेली.

"दे पुन्हा, त्यात काय एवढं!" माझा लेक कापड बेतता बेतता म्हणाला.

"डोकं माझं फुटतं, बाबा! ऑफिसातून यायचं आणि वर्षभर पुन्हा तेच."

"पण अडलं कुठे?" मी विचारलं.

"गोल टेबलाभोवती आठ माणसं, आजी. कोण कोणाच्या शेजारी, ते शोधायचं. सातजण बसले. आठवा मेला बसेचना."

"मग पुढचा प्रश्न घ्यायचास!"

"कशी घेणार? या घरात हातातलं अर्धं टाकून दुसरं कोणी घेतलंय कधी?"

लेकाची कात्री थांबली. माझ्या सासूबाईंपासून आमच्या शिवणकामाच्या दुकानाचा तो नियमच. मी काजं करत असताना एकदा माझा भाऊ दारात आला. सासूबाई म्हणाल्या, "तो काही पळून जात नाही, सदरा आधी." बिचारा उन्हात तिष्ठत राहिला. त्या शिस्तीवरच तर आमच्या शिवणीचं नाव झालं. आता तिच्यापायीच पोरीचे सोपे प्रश्न कोरे राहिले, म्हणजे राग काढावा तरी कुणावर?

"चल, सराव करू," मी म्हणाले. "मी 'पुढे' म्हटलं की पुढे जायचं."

पहिले दोन प्रश्न झाले. तिसऱ्याला अडली.

"पुढे."

"थांब ना, आजी!"

"अगं गाढवे, पुढे!"

तिनं पेन्सिल आपटली. डोळे भरून आले होते. "अर्धं टाकायला शिकण्यात मी वर्ष घालवू? नाही देणार मी परीक्षा."

"जग तुझ्यासाठी थांबणार आहे का?" लेक कडाडला.

"जाऊ दे पुढे जगाला."

संध्याकाळ झाली, नोंदणी बंद झाली. मी रागारागानं उसवायला घेतलेली बाही नको तिथे फाटली.

"आलं तिसऱ्याचं उत्तर!" ती एकदम ओरडली.

"आता काय उपयोग त्याचा?" मी फणकारले.

तिनं मानही वर केली नाही. चौथा प्रश्न वाचत होती.